पट्ट्यावरची सागवानी तुळई

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. औशाबाहेरच्या पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे लाकूड-भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्या, कारखान्यात चौघांनी मला उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवले आहे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा भुगा करणारे यंत्र आहे. माझ्या पुढचे कडुलिंबाचे खोड आत्ताच त्यात गेले. ते ओले होते. त्याच्या फांदीला अजून पालवी होती.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी तुळई आहे. मी भूकंप पाहिलेला आहे. तरीही आज जे पाहते आहे त्यावर माझा विश्वास बसत नाही.

माझा जन्म किनवटच्या जंगलातला. निजामाच्या राजवटीत मला तोडले आणि बैलगाडीतून औशाजवळच्या एका गावी आणले. सुताराने वाकसाने तासून मला खांबावर चढवले. माझ्यावर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद. खाली भर उन्हाळ्यातही गारवा असे. पाहुणा आला की घरचे आजोबा काठीने माझ्यावर ठोका मारत आणि म्हणत, "ऐका! किनवटचा साग हाय."

त्या घरात एक रीत होती, गावातल्या सगळ्याच घरांत होती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी मिरगाआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. बाया पाट्या वाहत, पुरुष माती तुडवत. जुना थर मात्र कोणी काढत नसे. थर जाड तेवढे घर भक्कम, असा सगळ्यांचा समज होता. ते ओझे वाढत गेले आणि मी ते पेलत राहिले.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरअखेरीस पहाटे जमीन हलली. दगडी भिंत ढासळली आणि माझे भिंतीतले टोक खाली आले. दुसरे टोक खांबावर टिकले. माझ्याखाली तिरकी पोकळी राहिली. त्या पोकळीत घरची सून केवळाबाई आणि त्यांचे तान्हे मूल सत्यम वाचले. सत्यमचे वडील श्रीमंत खांबांपलीकडच्या शेजारच्या खणात झोपले होते. वरची सगळी माती त्यांच्यावर आली.

पुढे नवे गाव वसले, सिमेंटचे. लाकडाने माणसे खाल्ली, असे सगळे म्हणू लागले. मी पत्र्याच्या गोठ्यामागे पडून राहिले. माझ्यावर गोवऱ्या वाळत, शेळ्या बांधल्या जात. वाळवीने मला शिवले नाही, माणसांनी मात्र ओळख सोडली.

सत्यम लातूरला शिकला. क्लासेसचे पेव फुटले तेव्हा त्याने तिथे वसतिगृह काढले. बिलोली, उदगीर, शिरूर अनंतपाळची मुले डॉक्टर व्हायला येतात आणि त्याच्याकडे राहतात. तिथल्या खाटा लोखंडी, दारांच्या चौकटीसुद्धा लोखंडी. लाकूड तो दारात येऊ देत नाही. मुलांच्या आंघोळीचे पाणी मात्र पांढऱ्या कोळशावर तापते. कारखान्याला लाकूड द्यायचे आणि कोळसा न्यायचा, असा त्याचा व्यवहार आहे. आज त्याने मला आणले.

कारखाना सांभाळणारे शिवमूर्ती त्याला सांगत होते, "सर, दगडी कोळशाचे दिवस भरले. आता रानात जे उगवतं त्याच्यावरच वीज होणार, गिरण्या चालणार. लाकडाला लई चांगले दिवस हायेत."

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणी लाकडाबद्दल चांगले बोलत होते. मग मी आवारात नजर टाकली. सोयाबीनचा भुसा आणि तुराट्यांचा एक छोटा ढीग कोपऱ्यात होता. कारखाना त्यासाठीच निघाला होता म्हणे. बाकी सगळीकडे बांधांवरची झाडे पडली होती: बाभळी, कडुलिंब, मोहोर असलेला आंबा. ज्या जिल्ह्यात जंगल शोधावे लागते, तिथली झाडे.

"एवढं तोडलं, तर उद्या उगवंल काय?" सत्यमने विचारले.

"ते सरकार बघंल की," शिवमूर्ती हसले.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. केवळाबाई उतरल्या आणि तरातरा पट्ट्याकडे आल्या.

"सत्यम, थांबव ते!"

"माय, तू हितं कशाला आलीस उन्हाची?"

"मला न विचारता तुळई उचललीस?"

"बाप खाल्ला ह्या लाकडानं. देव्हाऱ्यात ठिवू का त्याला?"

"लाकडानं न्हाई. मातीनं."

"मावशी, बाजूला व्हा, पट्टा चालू हाय," शिवमूर्ती म्हणाले.

"तू गप रे. लेकाशी बोलायलेय मी." केवळाबाईंनी माझ्यावर हात टेकला आणि त्या पट्ट्याबरोबर चालू लागल्या. "वर माती कुणी टाकली? आपणच. दर साली. पाट्या मी वाहिल्या, तुडवली तुझ्या बापानं. जुनी कुणी काढली का? ही एका अंगानं खांबाला धरून राहिली, म्हणून तू आज सर झालास."

सत्यमचा चेहरा उतरला. "हे आजवर बोलली न्हाईस."

"कुणाला बोलू? सारं गाव लाकडाला शिव्या देत होतं. मातीला कोण शिव्या देईल? ती तर आपल्याच हातची."

त्याच क्षणी वीज गेली. पट्टा थांबला. यंत्राचे तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर आहे.

मित्रांनो, मला जळण्याचे दुःख नाही. जे लाकूड खरोखर निकामी झाले ते जाळावे, तुराट्या जाळाव्यात, भुसा जाळावा. पण जे अजून छप्पर पेलू शकते त्याला आधी छप्पर पेलू द्या. आणि जे उभे आहे, त्याच्या जागी दुसरे वाढेपर्यंत तरी त्याला हात लावू नका. लाकडाचे दिवस येणार असतील, तर झाडे उरली तरच ते येतील.

केवळाबाई माझ्यावर बसल्या आहेत. फाटकाबाहेर बाभळींनी भरलेले आणखी दोन ट्रॅक्टर उभे आहेत.

"सर, लाईट आली की मला बटन दाबावं लागंल," शिवमूर्ती म्हणाले. "काय करायचं ते सांगा."

सत्यम खाली वाकून आजोबांसारखा माझ्यावर ठोका मारतो आणि कान देऊन ऐकतो. वीज अजून आलेली नाही.