पैसे पाठवणाऱ्यांशी नातं

"या बाई तुमच्या कोण?" काउंटरमागच्या मुलीनं विचारलं.

"कोणी नाही," सुईमास्तर म्हणाले.

"आणि या खालच्या?"

"त्याही कोणी नाहीत."

मुलीनं चष्मा कपाळावर ढकलला. "काका, तीसेक बायका तुम्हाला परदेशातून पैसे पाठवतायत, आणि त्यातली एकही तुमची कोणी नाही?"

बाजूच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. मास्तरांची बायको शेजारच्या खुर्चीत एका अंगावर रेलून बसली होती. सरळ बसलं की कंबरेतून कळ यायची. तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "दोन पुरुषही आहेत त्यात. त्यांचीही नावं वाच गं बाई, म्हणजे एकदाचं होऊन जाऊ दे."

बँकेत यायची ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला सही जुळत नव्हती. दुसऱ्या खेपेला सही जुळली, पण ज्या साहेबांना ती दाखवायची ते साहेब रजेवर होते. आज सही होती, साहेबांचा शिक्का होता आणि मुलगीही चांगली होती, तर आता या बायका कोण, इथं घोडं पेंड खात होतं.

खरं तर दोष बँकेचा नव्हता. दोष मास्तरांच्या काटकसरीचा होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते जास्त चिडले होते.

मास्तर स्वेटरच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं दुरुस्त करायचे. शेकडो सुयांच्या रांगेवरून बोट फिरवून वाकलेली सुई काढायचे, म्हणून लोक त्यांना सुईमास्तर म्हणत. कारखाना बंद पडला, सुया भंगारात गेल्या, नाव तेवढं उरलं. घरी बसल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकं वाचून प्रोग्रॅम लिहायला शिकले. जगात अजून हजारो घरांत विणकामाची जुनी हातयंत्रं आहेत. त्यांत भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड घालतात, भोक असेल तिथली सुई पुढे येते आणि नक्षी उमटते. कार्डं बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच बुडाल्या. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये फोटो टाकला, नातवाचा म्हणा, कुत्र्याचा म्हणा, की कुठं कुठं भोक पाडायचं त्याचा नकाशा छापून मिळतो. दोन वर्षं खपून त्यांनी तो केला. नर्सची नोकरी करून घर चालवणारी बायको त्याला "तुमचा खेळ" म्हणायची.

खेळ विकला जायला लागला. इथवर सगळं छान होतं.

पैसे इकडे आणणाऱ्या कंपनीचे दोन रस्ते होते. एक विक्रीचा, त्यात कंपनी आपला वाटा कापून घ्यायची. दुसरा घरच्यांना मदत पाठवण्याचा, तो फुकट. पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारी होती. तिला मास्तरांचा फार लळा लागला आणि तिनं आपण होऊन दुसरा रस्ता धरला. पैसे पूर्णच्या पूर्ण आले. ज्या माणसानं जन्मभर धाग्याचं टोकसुद्धा फेकलं नव्हतं, त्याला आणखी काय हवं? दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी आपल्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलं: कृपया घरच्या माणसासारखे पैसे पाठवावेत.

लोकही भले. त्यांनी तसेच पाठवले. वर निरोपाच्या चौकटीत मनापासून दोन शब्दही लिहिले.

"'माझ्या लाडक्या मित्राला,'" मुलगी कागदावरून वाचत होती. "'तुझ्यामुळे माझा हिवाळा सुखाचा गेला.' 'खूप खूप प्रेम.' काका, हे 'खूप प्रेम' कशाबद्दल आहे?"

"भोकांबद्दल," मास्तर कळवळून म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बायकोनं एक डोळा उघडला, नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला. "इतकी वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "माझा हिवाळा कधी सुखाचा केला नाही यांनी."

ती बोलायची असंच, पण आज तिच्या आवाजात जोर नव्हता. वॉर्डात पेशंट उचलून उचलून तिच्या कंबरेचं पार वाटोळं झालं होतं. डॉक्टर महिनाभर पडून राहा म्हणाले होते. भरपगारी रजा शिल्लक नव्हती. मेट्रनच्या हातापाया पडून तिनं महिन्याची बिनपगारी रजा मिळवली होती, सोमवारपासून. आज शुक्रवार. तो महिना या पैशांवर चालायचा होता, आणि पैसे काचेपलीकडं अडकले होते.

"सोपं करून सांगते," मुलगी म्हणाली. तिला खरंच दया आली असावी. "हे पैसे मदत म्हणून आलेत, तर मदतच म्हणा. एका कागदावर सही करा. कर नाही, कापाकापी नाही, संध्याकाळपर्यंत खात्यात."

"आणि विक्री म्हटलं तर?"

"मग कठीण आहे."

ते कठीण किती, हे तिनं सांगितलं आणि मास्तरांचं डोकं गरगरायला लागलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावानं मागच्या तारखेचं बिल. ज्यांनी घरचं समजून पैसे पाठवले, त्यांना आता तुम्ही आमचं घरचं माणूस नाही असं कळवून त्यांची संमती. कंपनी आपला कापायचा राहिलेला वाटा दंडासकट कापणार. तिकडचं सरकार म्हणणार की हा माणूस आपल्या देशात कर भरतो याचा दाखला आणा, नाहीतर आमचा कर आम्ही आधीच ठेवून घेतो. तो दाखला इकडच्या कर कचेरीतून. कचेरी म्हणणार, आधी धंद्याची नोंद दाखवा. नोंद नव्हती, म्हणून तिचाही दंड. उरलेल्या परदेशी पैशांचे इथले पैसे करताना बँक आपलं काढून घेणार, आणि एवढं करून जे शिल्लक राहील त्यावर कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"दोन महिने धरा. आणि हातात निम्मे आले तरी नशीब म्हणा."

"पेन द्या," मास्तर म्हणाले.

दुसरा विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी बायकोच्या वाकड्या बसण्याकडं एकदा पाहिलं आणि कागद पुढं ओढला.

"थांबा, मी भरून देते, तुम्ही फक्त सही करा," मुलगी भराभर लिहायला लागली. "पाठवणाऱ्यांशी नातं... स्नेही लिहू. मदतीचं कारण... काका, तुम्ही सध्या काय करता?"

"स्वेटरच्या कारखान्यात होतो," मास्तर म्हणाले. "तो बंद पडला."

"कारखाना बंद झाल्यापासून घरीच ना? मग 'काही कामधंदा नाही, इतरांच्या मदतीवर अवलंबून' असं लिहिते. चालेल?"

"लिहा," मास्तर म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले, की जणू हे वाक्य कोणीतरी म्हणेल याची ते किती दिवस वाट बघत होते. मान मात्र खाली गेली.

"ए, थांब," बायको म्हणाली.

तिनं दोन्ही डोळे उघडले होते. काउंटरला धरून ती उठली. उठताना ओठ दाबले.

"काय लिहितेयस तू?"

"मॅडम, हे फक्त कागदावर..."

"कागदावरच लिहितेयस म्हणून विचारतेय. नुसतं तोंडानं म्हणाली असतीस तर सोडून दिलं असतं. तोंडानं म्हणणारे काय कमी आहेत? माझा सख्खा भाऊ म्हणतो. मीसुद्धा म्हणते." तिला दम लागला. "दोन वर्षं हा माणूस त्या स्क्रीनला नाक लावून बसला होता. गॅसवरचं दूध उतू जायचं, याला पत्ता नसायचा. मी ड्युटीवरून आले की कार्ड दाखवायचा, हे बघ, मांजराची शेपटी आता नीट येतेय. त्या बायकांनी पैसे काय दया म्हणून दिले? त्यांची मांजरं नीट आली म्हणून दिले. याला काम नाही म्हणतात?"

"अगं, तुझी कंबर..." मास्तर कसंबसं म्हणाले.

"माझी कंबर मी बघते. विक्री लिही गं. हा कागद फाड."

"मॅडम, निम्मे जातील."

"जाऊ देत. दंड यांच्या अकलेचा आहे, तो भरायलाच हवा." ती मास्तरांकडं वळली. "घरच्या माणसासारखे पैसे पाठवा म्हणे! घरच्या माणसांनी कधी पैसे दिलेत कोणाला?"

मागची रांग हसली. मुलगीही हसली आणि तिनं कागद फाडला.

बँकेच्या पायऱ्यांवरच बायकोनं मेट्रनला फोन लावला. "हो, रजा नको... नाही, तसं काही नाही, बरं आहे आता... सोमवारी येते." ती एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरत होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला महिनाभर निजवून ठेवायचं म्हणून ते ही सगळी खटपट करत होते, तिनं तो महिना त्यांच्यासाठी काचेपलीकडं ठेवून दिला होता. त्यांना रडावंसं वाटलं, आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं.

"कशाला केलंस हे?" ते म्हणाले. "सही केली असती की मी."

"आता रडगाणं नको. बिलं करा वेळेवर, नाहीतर तिसरा दंड."

सोमवारी सकाळी ती निघाली, तेव्हा मास्तरांनी तिची पिशवी उचलली. नको नको म्हणत तिनं उचलू दिली. हॉस्पिटलच्या दाराशी तिची एक मैत्रीण भेटली. ती पिशवीकडं आणि मास्तरांकडं बघून म्हणाली, "वा! आज साहेब सोडायला?"

"वाटेतच होतं त्यांच्या," बायको म्हणाली. तिनं पिशवी काढून घेतली. "चला, निघा तुम्ही. उशीर होतोय कामाला."

मास्तरांना घरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं परत जायचं होतं. तिथं कोणी त्यांची वाट बघत नव्हतं. पण ते वळले आणि उशीर झालेल्या माणसासारखे झपझप चालू लागले. बायको भिंतीला हात लावत लावत आत दिसेनाशी झाली, तरी त्यांनी चाल कमी केली नाही.