सहाव्या नंबरचा नियम

सहा संघांच्या बेसबॉल लीगमध्ये एकदा सहावा नंबर कुणालाही मिळतो. सलग नऊ वर्षं मिळवायचा तर चिकाटी लागते. नानौराच्या पाणकावळ्यांकडे ती होती, आणि त्यांच्या मागे ट्रम्पेट घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या तोकिताकडे त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच होती.

हिदेमासा तोकिता सत्तावन्न वर्षांचा होता. आठवड्याचे पाच दिवस तो कारखान्यात माशाच्या वड्या उकडायचा आणि उरलेला सगळा वेळ पाणकावळ्यांच्या चाहता संघटनेला द्यायचा. प्रत्येक खेळाडूची स्वतःची एक धून असते. तो बॅट घेऊन उभा राहिला की प्रेक्षकांतून ती वाजवायची, आणि तो आऊट होईपर्यंत थांबायचं नाही. पाणकावळे आऊट लवकर होत, तेवढाच काय तो ओठांना आराम. एकतीस वर्षं त्याने हे केलं होतं. संघ बारा धावांनी मागे असला तरी केलं होतं. खेळाडू यायचे, चार वर्षं रडतखडत खेळायचे, दुसऱ्या संघात जायचे आणि तिथे गेल्या गेल्या कशी कोण जाणे, त्यांची बॅट चालायला लागायची. तोकिता तेवढा जागच्या जागी होता.

यंदा मात्र त्याला सुटायचं होतं. अगदी मनापासून सुटायचं होतं.

त्याच्या बायकोची, कायोकोची, आई दूर दक्षिणेतल्या एका बेटावर एकटी राहायची. तीन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून कायोको म्हणत होती, आपण दोघं तिकडे जाऊन राहू. तोकिता दर वर्षी म्हणायचा, हा मोसम संपू दे.

"यंदा तुम्ही आलात तर दोघं, नाही तर मी एकटी," गेल्या आठवड्यात ती म्हणाली. आवाजही चढवला नव्हता, समोर बसून मुळा किसत होती. "शेवटच्या सामन्यानंतरच्या शनिवारची बोट ठरवलीय. तुमच्या नंबरासाठी आई थांबायची नाही."

"यंदा सहावा येत नाही आपला."

"हे तुम्ही मला दर मार्चमध्ये, मोसम सुरू होताना सांगता."

"आता सप्टेंबर चाललाय, म्हणून तर सांगतोय. शेवटचा सामना जिंकला की पाचवे. मग मी मोकळा."

"आणि हरलात तर?"

तोकिताने मुळ्याचा कीस तोंडात टाकला.

आता कुणी म्हणेल, माणसाला जायचं तर त्याने जावं, त्याला कुणी साखळीने बांधलंय का? नियमाने बांधलं होतं. संघ सहावा आला त्या वर्षी कुणीही संघटना सोडायची नाही, असा नियम. पडत्या काळात पाय काढता घेणं म्हणजे दगाबाजी. कचेरीच्या भिंतीवर तो नियम मोठ्या अक्षरांत लावलेला होता आणि अक्षर तोकिताचं होतं.

त्याचं असं झालं. सोळा वर्षांपूर्वी त्याचा जिवलग मित्र नागाए, मोठा ढोल वाजवणारा, सभेत उठून म्हणाला की दुकान सांभाळून हे जमत नाही, मला मोकळं करा. संघ तेव्हाही सहावाच होता. बाकीचे मूग गिळून बसले, पण तोकिताला राग आवरला नाही. "जा ना, कोण अडवतंय तुला? जिंकायला लागलो की ये परत, वशिल्याने पहिल्या रांगेत बसवतो," असं तो बोलला. नागाए खाली मान घालून निघून गेला आणि तोकिताने त्याच सभेत नियम मांडून भिंतीवर चढवला. त्या दिवसापासून तो नागाएच्या नूडल्सच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. सोळा वर्षं.

मधे एकदा सुटायची संधी आलीही होती. दहा वर्षांपूर्वी पाणकावळे चक्क चौथे आले. दार सताड उघडं होतं, कुणीही जाऊ शकत होतं. एकही माणूस गेला नाही. आत्ता कुठे संघाला बरे दिवस येताहेत, आत्ता कोण जातो? तोकिता तर त्या वर्षी नवीन ट्रम्पेट घेऊन आला. पुढच्या वर्षापासून जो सहावा नंबर चिकटला तो आजतागायत.

शेवटचा सामना रविवारी दुपारी मिनासाकीला, परक्यांच्या मैदानावर होता. संघटनेची बस सकाळीच निघाली. मिनासाकीचा संघ आधीच दुसरा ठरला होता, जिंकण्याहरण्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. त्यांचे चाळीस हजार लोक जमले होते ते साकाकुरासाठी. त्यांचा एक्केचाळीस वर्षांचा पिचर साकाकुरा आज निवृत्त होत होता.

निवृत्त होणारा पिचर शेवटच्या दिवशी एकाच फलंदाजाला चेंडू टाकतो. सरळ, साधे, प्रेमाने टाकतो. समोरचा फलंदाज अंगातलं सगळं बळ लावून बॅट फिरवतो आणि मुद्दाम तिन्ही वेळा चुकवून आऊट होतो. मग टोपी काढून वाकतो. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तरी सगळे रडतात. पाहुण्या संघाच्या चाहत्यांनीही त्या वेळी आपलं सोडून त्या पिचरची धून वाजवायची असते. संघटनेचे म्होरके इवानागासान पंचाहत्तरीला आले होते आणि या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांनी दोन आठवडे नदीकाठी सगळ्यांकडून साकाकुराची धून घोटून घेतली होती. सगळ्यांत सुरेल तोकिताच वाजवत होता.

हा प्रकार एरवी पहिल्याच डावात उरकतात. सहावा डाव झाला, सातवा झाला, साकाकुराचा पत्ता नव्हता. इकडे पाणकावळे, कधी नव्हे ते, माणसांसारखे खेळत होते. नवव्या आणि शेवटच्या डावात ते तीन विरुद्ध चार असे मागे होते. दोघे आऊट होते, तिसरा झाला की सामना संपणार होता, पण दोन धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर उभे होते. एक बरा फटका बसला की दोन्ही धावा. आणि बॅट घेऊन येत होता ओरितो, बावीस वर्षांचा, पाणकावळ्यांचा एकमेव खरा फलंदाज.

तोकिताचा जीव टांगणीला लागला. त्याला बेट दिसायला लागलं, सासूच्या घराचं अंगण दिसायला लागलं, त्यात कपडे वाळत घालणारी कायोको दिसायला लागली.

आणि मिनासाकीच्या व्यवस्थापकाने पिचर बदलला. सामन्याचा शेवटचा बळी साकाकुराने घ्यावा, चित्र देखणं दिसेल, असं त्याच्या मनात आलं असावं. साकाकुरा डोळे पुसत मैदानात आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

"पण सामना अडलाय," तोकिता म्हणाला. "पाचवा नंबर अडलाय, इवानागासान."

"पाचवा आणि सहावा," इवानागासान म्हणाले. "जगात कुणाला फरक पडतो? धून सुरू करा."

त्यांनी पांढरा हातमोजा वर केला. ढोल घुमला आणि तोकिताने ट्रम्पेट ओठांना लावून साकाकुराची धून वाजवली. आपल्या पिंजऱ्याचं दार लावायला आलेल्या माणसाला तो निरोप देत होता, आणि तोही इतक्या गोड सुरात की शेजारच्याने नाक पुसलं.

पहिला चेंडू. ओरितोने चेंडूच्या हातभर वरून बॅट फिरवली. टाळ्या पडल्या. दुसरा चेंडू. ओरितो इतक्या जोरात फिरला की गुडघ्यावर पडला. टाळ्या वाढल्या. मिनासाकीचे लोक हुंदके देत होते, पाणकावळ्यांचे त्यांच्याहून मोठ्याने देत होते.

शनिवार, एवढंच तोकिताच्या डोक्यात आलं. मग त्याने श्वास घेतला आणि ओरितोची धून वाजवली.

एकट्याने. ढोल थबकला. शेजारचे ट्रम्पेट एकेक करून खाली आले. चाळीस हजार डोकी पाहुण्यांच्या बाजूला वळली आणि तो वाजवतच राहिला, मार बाबा, मार, एकदा तरी मार. एकतीस वर्षांत असा सूर त्याच्या ट्रम्पेटमधून निघाला नव्हता. ओरितोने मान वळवून वर पाहिलं. चेहऱ्यावर नुसती भीती होती.

तिसरा चेंडू सावकाश, मधोमध आला. शाळेतल्या मुलीनेही तो मारला असता. ओरितोने बॅट फिरवली आणि इमानेइतबारे चेंडू चुकवला.

सामना संपला. ओरितोने टोपी काढून साकाकुरासमोर कमरेतून वाकून नमस्कार केला. मग तो मिनासाकीच्या प्रेक्षकांकडे वळला आणि पुन्हा वाकला, पहिल्यापेक्षा खोल, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. हा दुसरा नमस्कार कसला, ते सगळ्यांना कळलं. तो तोकिताच्या वतीने माफी मागत होता. तोकिताला तोंड लपवायला जागा उरली नाही.

कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सगळ्या संघटनेने रांगेत उभं राहून मिनासाकीच्या लोकांना वाकून माफी मागितली, म्हाताऱ्या इवानागासानांनी सगळ्यांत जास्त वाकून. सरळ होताना त्यांना दोघांनी धरलं.

बाहेर बसपाशी ते तोकिताजवळ आले.

"शनिवारी दहाला सभा लावतोय. सगळ्यांसमोर उभा राहा, माफी माग, आणि पुढचा मोसम मागच्या रांगेत वाजव. संपला विषय."

"मला काढूनच टाका," तोकिता म्हणाला. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. "एवढं केलंय मी. काढायलाच पाहिजे."

"काढायचं? सहाव्या नंबरच्या वर्षी?" इवानागासानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात खरोखर मायेचा होता. "नियम तुझाच आहे ना रे? आमच्यातल्या कुणाचा पाय घसरला म्हणून आम्ही त्याला टाकत नाही. चल, बसमध्ये चढ."

तोकिता बसच्या मागे गेला आणि त्याने घरी फोन लावला. कायोकोने लगेच उचलला.

"पाहिला मी सामना," ती म्हणाली. "ते मधेच तुम्हीच वाजवलंत ना?"

"हो."

"समालोचक म्हणाला, कुणीतरी वेडा दिसतोय."

"बरोबर म्हणाला."

ती म्हणाली, "एकतीस वर्षं तुमचं वाजवणं ऐकतेय. आज पहिल्यांदा माझ्यासाठी वाजवलंत."

तोकिताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता चलाच," कायोको म्हणाली. आवाज इतका हलका त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "जे व्हायचं ते होऊन गेलं. आता कुणाची भीड धरायची? तिकडे दोन खोल्या आहेत, अंगण आहे. समुद्राकडे तोंड करून वाजवा हवं तेवढं. येताय ना?"

"हो" हा शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात त्याचं लक्ष बसच्या खिडकीकडे गेलं. सगळे बसले होते आणि त्याच्यासाठी थांबले होते. त्याच्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी चहाची गरम बाटली ठेवली होती. आता गेलो तर तोंड काळं करून पळाला म्हणतील, त्याच्या मनात आलं. आणि दुसरं कुणी पळालं असतं तर ते पहिल्यांदा कोण म्हणालं असतं, तेही त्याला माहीत होतं.

"शनिवारी सभा आहे," तो म्हणाला.

बसच्या ड्रायव्हरने एकदा हळूच हॉर्न दिला.

"किती वाजता?" कायोकोने विचारलं.

"दहाला."

"बरं," ती म्हणाली. "तुमची जर्सी धुऊन वाळत घालते, आणि मग निघते."