उजव्या कुलपातला ओरखडा

त्या सोमवारी मला उघडले, तेव्हा आत नळाच्या कामाच्या पैशांची पिशवी नव्हती. बायको गेल्यानंतर त्र्यंबकराव त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर आले होते.

मित्रांनो, मी एका नगरपालिकेची जुनी लोखंडी तिजोरी. ठाणे आणि कल्याण यांच्या मधले एक गाव, एवढेच सांगते. नाव सांगत नाही. कोण ऐकत असेल, काय सांगावे?

मुंबईच्या कारखान्यात मला घडवले आणि बैलगाडीतून इथे आणले. मला दोन कुलपे आहेत. डाव्याची किल्ली खजिनदार महिपतरावांकडे, उजव्याची हिशेबनीस त्र्यंबकरावांकडे. गावाच्या पैशांवर एकट्याचा हात पडू नये, म्हणून दोघे हजर असल्याशिवाय मला उघडायचे नाही. बिलावर सही करण्याआधी त्र्यंबकराव प्रत्येकाला विचारत, “ठराव कुठाय?” अध्यक्षांनाही विचारत. त्यामुळे ते फारसे कोणाला आवडत नसत.

माझ्या उजव्या कुलपाला एक खोड आहे. किल्ली जरा वर उचलायची, मगच फिरवायची. हे फक्त त्र्यंबकरावांच्या हाताला माहीत होते.

त्यांच्या सुतकातल्या एका रविवारी, कचेरी बंद असताना, भर दुपारी कोणीतरी मला उघडले. मला डोळे नाहीत, पण हात कळतात. डावीकडे किल्ली रोजच्यासारखी फिरली. उजवीकडे अडली. त्या हाताने ती जोराने पिळली आणि आत लोखंडावर खोल ओरखडा पडला.

सोमवारी त्र्यंबकरावांनी विचारले, “महिपतराव, तुमची किल्ली कुठे होती?”

“माझी? जानव्याला! आंघोळीलासुद्धा सोडत नाही मी. तुमचीच तेरा दिवस खुंटीवर होती.”

“खुंटीवर? तुम्हाला कोणी सांगितलं?”

महिपतराव घाईने म्हणाले, “अहो, भेटायला आलो नव्हतो का? डोळ्यांसमोरच तर होती.”

शिपाई मारुती दारातून म्हणाला, “मी पन गेलेलो, साहेब. मी बाईंच्या तसबिरीकडं बघत होतो.”

“तू गप रे!” महिपतराव त्याच्यावर खेकसले.

चूक त्र्यंबकरावांची होतीच. ते विसरभोळे. घरी गेले की किल्ली बायकोच्या, सुहासिनीबाईंच्या, कमरेच्या जुडग्यात अडकवत. बाई गेल्या, तेव्हा त्यांना न्हाऊ घालताना बायकांनी जुडगा काढून खुंटीला लावला. दुःखात त्र्यंबकरावांना त्याची आठवण राहिली नाही.

“बायकोच्या आजारपणाला लागले असतील पैसे,” असे कचेरीत बोलले गेले. त्र्यंबकरावांना घरी बसवले. महिपतरावांनी नवी तिजोरी आणवली आणि मला व्हरांड्यात काढले. मीच त्यांना नकोशी का झाले, हे कोणी विचारले नाही.

आता माझ्यावर पाण्याचा माठ असतो. त्याच्या गळतीने मला गंज चढतो आहे. पेला घ्यायला येणारा प्रत्येक हात मी ओळखून पाहते. एक हात कधीच येत नाही. महिपतराव घरून तांब्या आणतात.

त्र्यंबकराव महिन्यातून एकदा चौकशीचा अर्ज घेऊन येतात. जाताना माझ्यावर हात ठेवतात.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या आत एकदा पाहा. माझ्यावरचा माठ तरी हलवा. गंजाने ओरखडा बुजला, तर त्या माणसाच्या बाजूने बोलणारे काहीच उरणार नाही.

आज पाच वर्षे झाली. उजवे कुलूप अजून कोणी खोलून पाहिलेले नाही.