खर्चावरचं व्याज

दावा माझ्या सासूबाई जिंकल्या. दर्यापूरच्या वावरात वाटा देत नाही म्हणून कौशल्याबाईंनी सख्ख्या भावाला, सूर्यभानमामांना, कोर्टात खेचलं होतं. वाटा मिळाला. वर कोर्टाचा हुकूम, की वकिलाची फी आणि दाव्याचा खर्चही मामांनीच द्यायचा, आणि देईपर्यंत त्यावर वर्षाला सहा टक्के व्याज.

वावर मामांनी मुकाट्यानं सोडलं. खर्च मात्र दिला नाही, आणि अकोल्याला आमच्याकडे येणंही बंद केलं.

"वसुलीचा अर्ज टाकू का, कौशल्याबाई?" हरिहर वकील दरवर्षी विचारायचे.

"काई करू नका, वकीलसाहेब. व्याज चढून राहिलं ना? चढू द्या. अंगावर आलं की येते तो पैसे घेऊन. एकडाव घरात आला की पैसे कोनाले पायजे?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो दोघांचाही. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

यंदा मामांकडून रजिस्टर पाकीट आलं. पोस्टमनला थांबवून मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "पैसे कोर्टात भरले असतील, त्याची नोटीस आहे. ती मिळाली की व्याज थांबतं. घेऊन टाका."

"घेऊ नोको वं रागिणी!" सासूबाई आतून धावत आल्या. "व्याज थांबलं का तो कायले येते इकडं? वापस कर."

"आई, संपवा ना आता."

ऐकतील तर शपथ. पोस्टमननं 'घेण्यास नकार' लिहिलं आणि पाकीट नेलं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मला राग आला, आणि कीवही.

पंधरवड्यानं भरदुपारी मामांचा मुलगा कुलदीप दारात उभा.

"आत्या, बाबा गेले. आत्ताच. इथंच दवाखान्यात होते, महिनाभर."

"महिनाभर? अन मले कोनी सांगतलं नाई? काहून?"

"मी रोज म्हनो, आत्याले बलावतो. ते म्हनत, बहिनीचं देनं डोक्यावर ठेवून तिले तोंड कसं दाखवू? पोचपावतीवर तिची सही येऊ दे, मंग मीच जातो रिक्षानं." कुलदीप खाली बघत होता. "पाकीट वापस आलं तवा भिंतीकडं तोंड करून झोपले. मंग बोललेच नाई."

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना दवाखान्यात नेलं.

तेरवीनंतर कुलदीप आमच्याकडे असताना हरिहर वकील भेटायला आले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "नोटीस नाकारली तरी कायदा ती मिळालीच असं धरतो. व्याज त्याच दिवशी थांबलं होतं."

"म्हंजे सूर्यभान मोकळा झाला व्हता?"

"झाले होते."

सासूबाईंनी कुलदीपकडे पाहिलं. "त्याले कोनी सांगतलं व्हतं का रे हे?"

कुलदीपनं मान हलवली. नाही.