खारूताईची वाटी

मी एक जुनी चिनी मातीची वाटी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! आमटी वाढायची वाटी नव्हे मी, जलतरंगातली आहे. पाणी भरून काडीनं हलकेच मारलं की आम्ही बहिणी गायचो. त्यात मी सगळ्यात धाकटी, सगळ्यात बारीक आवाजाची, म्हणून जरा लाडावलेलीच.

वर्ध्याच्या बाजारात सदाशिवरावांनी मला निवडलं. दुकानातली एकेक वाटी ते वाजवून बघत होते. दुकानदार वैतागला, "घ्याची हाय का फोडाची हाय, भाऊ?" तेवढ्यात माझं 'टिण्' झालं आणि सदाशिवराव लहान मुलासारखे हसले. "हेच पायजे होती मले!"

मुंबईत त्यांनी सिनेमांना संगीत दिलं, पण खरं नाव झालं ते टीव्हीवरच्या मुलांच्या मालिकेनं. तिच्यात एक खारूताई होती. ती उडी मारायची आणि मी वाजायचे. माझा आवाज आला की पोरं अर्धी आंघोळ टाकून टीव्हीपुढे पळायची. काय रुबाब होता आमचा!

पुढे आमचा आवाज यंत्रात भरून घेतला. आम्ही मेल्यांनी हौसेनं दिला. मग स्टुडिओला आम्हीही नको झालो आणि सदाशिवरावही. ते वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घरी परतले. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर जाऊन बसले.

एकदा घाईत त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, माझ्यात उकळती कढी ओतली. मला केसाएवढा तडा गेला. नवऱ्याचा जीव माझ्यावर, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

आणि गेल्या उन्हाळ्यात फोन आला. मुलांच्या नव्या मालिकेला चाली हव्या होत्या. किती वर्षांनी! पण सदाशिवरावांनी उत्तरासाठी एक दिवस मागून घेतला. त्यांचे कान कुरकुरू लागले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. घरात ते कोणाजवळच बोलले नव्हते. माझ्यात पाणी ओतताना मला म्हणाले, "तू आयकू आली म्हंजे हो म्हणतो."

देवा रे! साऱ्या बहिणी खणखणीत वाजल्या. शेवटी काडी माझ्यावर आली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण निघालं नुसतं मेलेलं 'ठक', तेही जेमतेम. त्यांनी पुन्हा मारली. मग दारातल्या बायकोकडे बघितलं.

"भागीरथा, वाजली का व?"

बाईंचा चेहरा उतरला. "वाजली ना जी! मस्त वाजली."

"मले नाई आली आयकू."

सांगा ना बाई, मी मनात ओरडत होते. पण त्या डोळे चुकवून आत गेल्या. सदाशिवरावांनी अंगणात जाऊन फोन लावला. "दुसऱ्या कोणाले सांगजा, भाऊ. कान गेले माह्ये."

कान गेले नव्हते हो! आवाज माझा गेला होता.

त्यांनीच सगळं पाणी मोरीत ओतलं. आता माझ्यात मीठ असतं. जेवताना ते चिमूटभर घेतात आणि माझ्याकडे न बघता मला बाजूला सारतात. मित्रांनो, तुमच्या हातून काही फुटलं तर चार बोलणी खा, पण सांगून टाका. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.