हातांवरचा आळ

माझे हात थरथरतात, असं आमच्या बाईंनी अख्ख्या प्रयोगशाळेसमोर सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. हात माझे, दुखणं माझं, आणि निदान करणार या!

मला सिकलसेल आहे, रक्ताचा वारशाने येणारा आजार. आईकडून अर्धं, बाबांकडून अर्धं, म्हणजे मला पुरतं. सांधे ठणकायला लागले की ब्रह्मांड आठवतं. पण ज्यांच्या वाट्याला अर्धंच येतं, ते वाहक ठणठणीत असतात आणि त्यांच्या रक्तात मलेरियाच्या परजीवींची डाळ शिजत नाही. का शिजत नाही, तेच मी शोधते. एका डब्यात वाहकाचं रक्त, दुसऱ्यात साधं. दोन्हींत परजीवी सोडायचे, ऑक्सिजन कमी करायचा आणि कुठले वाढतात ते बघायचं.

पहिल्याच खेपेला दोन्ही डब्यांतले परजीवी खुंटले, वाढायला हवे होते ते साध्या रक्तातलेसुद्धा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"तू दोन्ही डब्यांत वाहकाचंच रक्त भरलंस," बाई म्हणाल्या. "दवाखान्यातून उठतेस ती सरळ इथे येतेस. सोमवारपासून ऑफिसातलं लिखाणकाम बघ. प्रयोग दुसरं कोणी करेल."

"मी असलं काहीही केलेलं नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

माझ्या भल्याचा मक्ता जगाने कधीचाच घेतलाय. काकूने भर लग्नात आईला "तुमच्या घराण्याची खोट" म्हणून ऐकवलं, तेही भल्यासाठीच असेल. बाबांचं अर्धं ती सोयीस्कर विसरली. इथलं टेबल एकदा सुटलं की परत मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"साधं रक्त कुणाचं होतं?" मी विचारलं.

मामा खाकरले. उंदरांची खोली सांभाळतात, म्हणून सगळे त्यांना उंदीरमामा म्हणतात. "बाईंचंच की. नेहमीसारखं."

आमच्याकडे रीतच आहे ती. नव्या प्रयोगाला पहिलं रक्त बाई देतात, सगळ्यांसमोर, बाही वर सारून. बाहेरून आलेला थेंबन् थेंब आम्ही तपासतो, पण बाईंचं रक्त तपासावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्याही.

"बाई, तुमचं रक्त तपासू या."

"काहीतरीच काय! आमच्या घराण्यात असलं काही नाही."

काकूचाच सूर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग भीती कसली? दहा मिनिटांचं काम. मी चुकले तर आत्ताच्या आत्ता टेबल सोडते, सोमवार कशाला हवा?"

बाईंनी रागाने बोट पुढे केलं. सुई मामांनी टोचली, नळ्यांत थेंबही मामांनीच सोडले. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले, उगाच पुन्हा आळ नको. एक नळी मामांच्या रक्ताची, एक माझ्या, एक बाईंच्या. मागे काळ्या रेघांचा कागद. साध्या रक्ताची नळी नितळ राहते आणि रेघा दिसतात. सिकलचा अंश असला की ती गढूळ होते.

मामांच्या नळीतून रेघा दिसल्या. माझ्या नळीतून नाही. बाईंच्याही नाही.

बाईंनी नळी खिडकीशी नेली, काच पदराने पुसली, पुन्हा धरली. मी चांगलं झणझणीत वाक्य जुळवून तयार होते.

"धाकटीला सातवा महिना लागलाय," बाई खिडकीकडेच बघत म्हणाल्या. "तिचं कधी तपासलंच नाही. जावयांचंही नाही."

मी वाक्य गिळलं. राग मात्र नाही गिळला.

"दोघांना आजच बोलवा," मी म्हणाले. "दोघंही वाहक निघाले, तरी बाळाला हा आजार असायची शक्यता चारांत एक. आणि असलाच, तर बाई, त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्या हातातलं काम कधी काढून घेऊ नका."

बाई वळल्या. डोळे भरले होते.

"तू तपासशील?"

"मीच तपासणार. टेबल माझं आहे."

बाईंनी लेकीला फोन लावला.