बुधवारचा ताईत

पीठ मळायला बसले तेव्हा माझे पाय आदल्या दिवसाचेच होते. लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करते, त्यामुळे पाय झोपेतही उभेच असतात. पण वाचेचा वार बुधवार, आणि धाकट्या बहिणीच्या घशाचं ऑपरेशन नेमकं बुधवारीच अकराला होतं. सूर्य वर यायच्या आत उठले, दिवा लावला, रोजचं म्हणणं म्हटलं आणि ताईत करून देणाऱ्या आमच्या मावशीची वही उघडली.

आवाजाचा ताईत बांधायचा नसतो, खायचा असतो. मावशीनं लिहून ठेवलंय की जे आत बिघडलं त्याचा उपाय आतच गेला पाहिजे. मूठभर पीठ, चमचाभर मध, चिमूटभर मीठ, रात्रभर खिडकीत ठेवलेलं पाणी. टेबलावर पिठाचं रिंगण काढायचं आणि काम संपेपर्यंत हात त्याबाहेर न्यायचे नाहीत. त्याखाली बारीक अक्षरात: ‘हात धुवावेत. मनही धुवावे. मन धुता न आल्यास हात दोनदा धुवावेत.’

मी हात दोनदा धुतले.

चकती तळहाताएवढी थापली. सुईनं मधोमध गोल काढला, त्यातून वर उघडणाऱ्या तीन रेघा, कडेनं बहिणीचं नाव. मग तोंड जवळ नेऊन मागणं एका श्वासात सांगायचं असतं. ‘हिचा आवाज हिच्याकडे परत येऊ दे.’ एवढंसं वाक्य, पण पहिल्यांदा श्वास पुरला नाही. थकलेलं माणूस देवाकडेही धापा टाकतच जातं. दुसऱ्यांदा जमलं. मंद आचेवर चकती भाजली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि दवाखान्याची वाट धरली.

बहीण एकोणीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करते. ड्रायव्हर तिला भोंगा म्हणतात आणि तीही ओ देते. घरात आम्ही दोघीच. बोलणं तिच्याकडे, गप्प बसणं माझ्याकडे, अशी वाटणी लहानपणीच झालेली. चार महिन्यांपूर्वी तिचा आवाज खरवडल्यासारखा झाला, मग नुसती फुसफुस उरली. स्वरतंतूवर गाठ आहे, काढायची, पण आवाज येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

मी पोचले तेव्हा ती दवाखान्याचा हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती.

“आलीस? मला वाटलं, देवच येतोय की काय तुझ्याऐवजी,” ती फुसफुसली.

मी रुमाल सोडला. तिनं चकतीचा वास घेतला. “मध घातलायस. मावशीच्या हातचा नुसता कडकडीत असायचा. दे, भूकही लागलीय.”

तेवढ्यात नर्सबाई कागद घेऊन आल्या. “काल रात्रीपासून पोटात काही गेलं नाही ना? पाण्याचा घोटसुद्धा?”

बहिणीनं मूठ मिटली. अकरा वर्षं मी दिवसभर अन्नाला शिवत नाही, अंधार पडल्यावर एकदाच जेवते, आणि खोटं बोलत नाही. रोज उपाशी राहणाऱ्या बाईलाच आठवलं नव्हतं की ऑपरेशनच्या माणसाला उपाशी राहावं लागतं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे वासरूही मीच.

“नाही गेलं,” मी म्हणाले. “पण तिच्या मुठीत आहे.”

नर्सबाईंनी हात पुढे केला, चकती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात ठेवली. “भुलीत उलटी झाली तर श्वासनळीत जाईल, मावशी. कणभरसुद्धा नको.”

त्या गेल्यावर बहीण म्हणाली, “वा. मेली युधिष्ठिराची बहीण. एवढासा तुकडा, कुणाला कळलं असतं?”

“तुझ्या फुप्फुसाला.”

ती हसायला गेली, पण हसण्याचाही आवाज आला नाही. मग माझं मनगट धरून म्हणाली, “ताई, पुढच्या बुधवारी चालेल का गं?”

भाजलेला ताईत त्याच दिवशी दुपारच्या आत पोटात जावा लागतो, नाहीतर ती नुसती पोळी. आणि पुढच्या बुधवारपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. तिलाही ते ठाऊक होतं. तिनं मनगट सोडलं, आणि थोड्या वेळानं तिला ढकलगाडीवरून घेऊन गेले.

बाहेर बाकावर बसून मी वही काढली. शेवटच्या पानावर असेल असं वाटत होतं, आणि होतं. ‘ज्याचा ताईत त्याला खाता न आल्यास रक्ताच्या माणसाने खावा. मात्र स्वतःचे काही मोडून खावा. फुकट खाल्लेला लागत नाही.’

माझ्याकडे मोडण्यासारखं एकच होतं. आईच्या आजारपणात हे दिवसभराच्या उपासाचं व्रत धरलं. आई गेली, व्रत राहिलं. कशासाठी करतेस असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. पण लाँड्रीच्या वाफेत भोवळ आली की मी तेच धरून उभी राहते, कठडा धरावा तसं. अकरा वर्षांत एक दिवस गेला नव्हता. तापातसुद्धा नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. मी पूर्वेकडे तोंड केलं. तिकडे हात धुवायचं भांडं होतं आणि एक बादली. चकतीचे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा कसाबसा गिळला. दुसरा गेला, आणि मध जिभेला लागल्याबरोबर आत काहीतरी जागं झालं. गोड होतं. फार गोड होतं. पोट असं पुढे आलं, जणू अकरा वर्षं दाराशीच बसलं होतं. मी थांबले. बहिणीसाठी खातेय की भुकेसाठी, हे मलाच कळेना, आणि त्याची इतकी लाज वाटली की तिसरा तुकडा खाली ठेवला.

मग वाटलं, लाज वाटतेय म्हणजे मोडलंय खरं. फुकट नाही खाल्लेला. तिसरा तुकडा उचलला आणि मागणं मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या बाकावरच्या बाई जरा सरकून बसल्या.

नर्सबाई जाता जाता म्हणाल्या, “चहा घेणार का, मावशी?”

“नको,” म्हणाले. ताइतावर पाणीसुद्धा प्यायचं नसतं.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ निघाली, साधीच दिसते, पण दहा दिवस बोलायचं नाही. आवाजाचं त्यानंतर कळेल. संध्याकाळी बहिणीनं पाटी मागितली. लिहिलं, ‘ताईत?’

“पोटात.”

‘कुणाच्या?’

मी रिकामा रुमाल झटकून घडी केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाटी पुसून लिहिलं, ‘वेडी.’ आणि पुन्हा पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून मी व्रत पुन्हा धरलं, पहिल्या दिवसापासून. आता ते जडच गेलं. दुपारी मधाची चव आठवायची. दहा दिवस ती पाटीवर लिहीत होती, मी इस्त्री करून येत होते, आणि दोघीही एकमेकींच्या घशाकडे पाहत होतो.

अकराव्या दिवशी सुटी काढली. सकाळी डॉक्टरांनी तिला ‘आ’ म्हणायला लावलं. जे आलं ते श्वासच जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बघा. रिक्षात ती खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर न सांगता स्वयंपाकाला लागली. मी दिव्याजवळ बसले होते, वात खालीवर करत.

“ताई.”

आवाज जाडा होता, कडेनं फाटलेला, पण नुसती फुसफुस नव्हती. भोंगाच होता तो, लांबून ऐकल्यासारखा. मी वळले. दुपारचा एक वाजत होता. तिनं दोन ताटं वाढली होती. अकरा वर्षांत तिनं दुपारी माझं ताट घेतलं नव्हतं, उपयोगच नव्हता.

“जेवायला बस,” ती म्हणाली.

माझ्या व्रताचा तेव्हा दहावा दिवस होता. मी दिवा जरा मागे सरकवला, हात धुतले आणि पाटावर बसले.